खोक्यांच्या भिंतीमागून

हेवी मेटल वाजवणाऱ्यांसमोर सिंथेसायझरचं नुसतं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. हे मला चांगलं माहीत होतं. त्यामुळे मला कोणी फसवून त्या बँडमध्ये ओढलं असं मी म्हणणार नाही. डोळे उघडे ठेवूनच गेले. भांडण होणार हेही धरून चालले होते, फक्त ते समोरासमोर होईल अशी माझी समजूत होती. मला खोक्यांच्या मागे लपवून ठेवतील आणि वर गप्प बसायला सांगतील, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी नुरजान. दिवसा लिफ्ट दुरुस्त करते. शनिवार-रविवारी माझ्या चुलत्याच्या, तुंजाय अमजाच्या, बँडमध्ये लग्नांत की-बोर्ड वाजवते. जर्मनीतल्या गेल्सेनकिर्खेनमध्ये आम्हा तुर्की लोकांची लग्नं गावाबाहेर, टायरच्या गोदामाशेजारच्या हॉलमध्ये होतात. शेकड्यांनी पाहुणे, करंगळ्या गुंतवून धरलेली नाचाची लांबलचक साखळी, आणि वाजवणाऱ्याने थांबायचं नाही हा एकच नियम. नाचणारे दमले तर खुर्चीत बसतात. की-बोर्डवाली दमली तर नवरीचे मामा येऊन समोर उभे राहतात. माझे हात अशा ठिकाणी तयार झालेत. कोणी त्यांना नाजूक म्हटलं की मला हसू येतं.

हे सगळं सुरू झालं त्या लग्नात मी झुर्नाचा आवाज लावला होता. झुर्ना म्हणजे सनईचीच दांडगी बहीण. त्यात गिटारवाले वापरतात तसलं, आवाज फाडून काढणारं पेडल मी मधे जोडलं होतं. अमजाला हे प्रकार मुळीच खपत नाहीत.

"लेकी, लोक जेवतायत," तो माइक हाताने झाकून म्हणाला. "त्यांच्या घशात घास अडकेल."

"अडकू दे. पाणी ठेवलंय टेबलावर."

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. स्पीकरला अगदी कान लावून एक जर्मन माणूस उभा होता. पांढरे लांब केस, अंगात दुसऱ्याचा वाटावा असा कोट, हातातल्या ताटलीतलं मटण केव्हाच थंड झालेलं. नवऱ्या मुलाच्या ट्राम डेपोतला हा मुकादम, फोल्कर पिओंटेक. नाच थांबल्यावर तो माझ्याकडे आला.

"हे गिटार कोणाकडे आहे? मला दिसत नाहीये."

"गिटार नाहीच आहे. हा माझा उजवा हात, आणि हे डावीकडचं चाक."

"खोटं."

मी चाक फिरवून तो सूर पुन्हा काढला, लांब, रडवेला, शेवटी किंचित खाली घसरणारा. फोल्करने ताटली माझ्या की-बोर्डवर ठेवली. मी ती उचलून खाली ठेवली. त्याला ते कळलंसुद्धा नाही.

फोल्कर पिओंटेक कोण, हे आमच्या गावात सांगावं लागत नाही. 'आल्टर मान' हा त्याचा बँड. खाणीतला सगळा कोळसा काढून झाल्यावर जो भाग पोकळ सोडून देतात त्याला जुने कामगार 'म्हातारा' म्हणत, त्यावरून हे नाव. ठेवलं तेव्हा बँडमधले सगळे विशीत होते. आता ते नाव त्यांना न बदलता बसतं. त्यांच्या प्रत्येक रेकॉर्डच्या मागे एक ओळ छापलेली असते : 'यात सिंथेसायझर नाही, की-बोर्ड नाही, आणि कधी असणारही नाही.' काही लोकांनी ती दंडावर गोंदवून घेतली आहे. तोच माणूस मला म्हणत होता, एकदा सरावाला ये.

"का?" मी विचारलं.

"मी तीस वर्षं एकच गाणं लिहितोय," तो म्हणाला. "लोकांना ते कळलेलं नाही. मला कळलंय."

इतकं खरं बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मी गेले.

सराव एका जुन्या बंकरमध्ये असे. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांपासून लपायला बांधलेला, खिडकी नसलेला, हातभर जाड भिंतींचा. आत मी माझा स्टँड उघडला आणि ड्रमच्या मागून आवाज आला.

"हे काय? इस्त्रीचं टेबल आणलं का हिने?"

तो राल्ले, ड्रमवाला. घेर पिंपाएवढा आणि मनगटं त्याहून मजबूत.

"तुझा शर्ट पाहिला होता पोस्टरवर," मी म्हटलं. "म्हणून आणलं."

मात्झे हसला. मात्झे बास गिटार वाजवतो आणि जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूने असतो. राल्ले हसला नाही.

"फोल्कर, ऐक. डिस्को करायचा असेल तर मला आत्ताच सांग. मी घरी जाऊन फरशी पुसतो."

"एकदा ऐकून तर घे."

"ऐकायचं काय त्यात? यंत्र आहे ते. बटण दाबलं की वाजतं. माझी धुण्याची मशीनपण वाजते, शेवटी तर सूरही काढते."

आता मला राग आला. मला राग यायला वेळ लागत नाही, तो माझ्या दाराशीच बसलेला असतो. मी फोल्करच्या गिटारीपाशी गेले आणि तिच्या मानेवरच्या लोखंडी पट्ट्यांवर बोट ठेवलं.

"या काय आहेत?"

"पट्ट्या," फोल्कर म्हणाला.

"आणि दोन पट्ट्यांच्या मधे जे सूर असतात ते?"

"मधे काही नसतं."

"तुमच्याकडे नसतं," मी म्हटलं. "माझ्या आजोबांकडे होतं. शेळ्या राखणाऱ्या माणसाकडे होतं. माझ्या या इस्त्रीच्या टेबलावर प्रत्येक सुराला अर्ध्याचा अर्धा खाली उतरवणारं बटण आहे. वाजव तुझी ती जुनी धून. सगळ्यात जुनी."

फोल्करने वाजवली. जड, संथ, ओळखीची. मी तीच धून तिच्यावर वाजवली, फक्त दुसरा सूर मधल्या फटीत नेऊन ठेवला. खोलीतली हवा बदलली. जी धून तीस वर्षं नुसती दरडावत होती तिला एकदम काहीतरी दुखायला लागलं. फोल्करची बोटं आपोआप थांबली. राल्ले काड्या हातात धरून माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "परत."

दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्यासाठी मुद्दाम काहीतरी घेऊन गेले. जुन्या इमारतींच्या माथ्यावर लिफ्टचं मशीनघर असतं. तिथे भिंतीवर खटके असतात, लिफ्ट चालू-बंद होताना ते खाड-खाड-खट करत पडतात. नव्या लिफ्टांत ते नाहीत, सगळं मुकं झालंय. मी कामावर असताना ते आवाज फोनवर टिपून ठेवते. ते मी सिंथमध्ये भरले, खालच्या पट्टीत उतरवले आणि राल्लेच्या पायाशी, पायाने चालू-बंद होणाऱ्या पेटीतून सोडले. तो ऐकत होता. त्याचा उजवा पाय हलायला लागला. मग डावा. त्या दिवशी त्याने जे वाजवलं ते त्याने आयुष्यात कधी वाजवलं नसेल.

"ही कुठली मशीन?" त्याने नंतर विचारलं.

"बारा मजली इमारत, तुझी आई राहते ती. बिघडलेली लिफ्ट."

"तिच्यामुळे आईचे गुडघे गेले," राल्ले म्हणाला. "ठेव ती गाण्यात."

पहिल्या दिवशी त्याने मला डुकराच्या कच्च्या खिम्याचा पाव पुढे केला होता आणि मग लालबुंद होऊन मागे घेतला होता. त्यानंतर तो न बोलता माझ्यासाठी चीजचा पाव वेगळा आणू लागला. आमचं ठीक जमलं होतं.

रेकॉर्ड झाली. त्यातल्या बहुतेक गाण्यांत मी होते. तिसऱ्या गाण्यात तर मधला सगळा भाग माझा, फोल्कर तिथे एक सूरसुद्धा वाजवत नाही. छापून आलेल्या प्रतींची पेटी उघडली तेव्हा मी पहिली प्रत उचलली, वास घेतला आणि उलटी केली. मागे लिहिलं होतं : 'यात सिंथेसायझर नाही, की-बोर्ड नाही, आणि कधी असणारही नाही.' माझं नाव होतं, आभारांत, व्हॅनचं पंक्चर काढणाऱ्याच्या खाली.

"हे काय आहे, फोल्कर?"

त्याने चष्मा नाकावर चढवला. "अरेच्चा. छपाईवाल्याने मागचं तसंच उचललं वाटतं."

"तुझ्याकडे तपासायला आलं होतं ना?"

"आलं होतं. मी पाहिलंही. ते वाक्य इतकी वर्षं तिथे आहे की आता मला ते दिसतच नाही."

तो खरं सांगत होता, हे मला जास्त लागलं. खोटं बोलला असता तर मला त्याला चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

"मग दुसरं छाप."

"छापू की. पुढच्या खेपेला. आता काही हजार घरात येऊन पडल्यात, त्यांचं काय करू?"

पुढच्या खेपेची गोष्ट तिथेच राहिली, कारण लोकांना रेकॉर्ड आवडली. नुसती आवडली नाही, डोक्यावर घेतली. जो तो लिहीत होता, पाहा, म्हातारे पेटले. यंत्रांशिवाय, नुसत्या गिटारीतून असा आवाज काढून दाखवला. तिसऱ्या गाण्यातल्या त्या रडण्याबद्दल तर लोक वेडे झाले. कोणी म्हणे फोल्करने खास तारा बनवून घेतल्यात, कोणी म्हणे तो पट्टीच्या मधे बोट ठेवायची जुनी युक्ती आहे. फोल्करने यातलं काही खोडलं नाही. आधी त्याला संधी मिळाली नाही, मग उशीर झाला, मग त्याला ते सोयीचं वाटायला लागलं. माणूस वाईट नाही तो. भित्रा आहे.

तुंजाय अमजाला मी रेकॉर्डची मागची बाजू दाखवली. त्याने ती लांब धरून वाचली.

"लग्नात निदान नवरीला माहीत असतं तू वाजवतेस ते," एवढंच तो म्हणाला.

मग मोठा कार्यक्रम ठरला. बंद पडलेल्या खाणीतला कामगारांच्या अंघोळीचा हॉल, जिथे छतापासून साखळ्यांवर कपडे टांगत, तिथे आता गाण्याचे कार्यक्रम होतात. सगळी तिकिटं गेली. फोल्कर माझ्याकडे मान खाली घालून आला तेव्हाच मी ओळखलं.

"या वेळेपुरतं तू जरा मागे उभी राहशील का? हळूहळू सांगू त्यांना. एकदम सांगितलं तर धक्का बसेल. ही माणसं माझ्यासोबत म्हातारी झालीत गं."

"मागे म्हणजे कुठे?"

"भिंतीमागे."

मी हो म्हटलं. मला तो आवाज भरल्या हॉलमध्ये, माणसांच्या बरगड्यांत घुसताना ऐकायचा होता. त्या मोहापायी मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलंच होतं.

भिंत म्हणजे स्पीकरच्या खोक्यांची. मेटलच्या रंगमंचावर मागे काळ्या खोक्यांची भिंत लागते, माणसाहून उंच. लोक ती बघूनच अर्धे बहिरे होतात. दुपारी सामान लावताना मी त्यातलं एक खोकं उचलायला वाकले, कंबर सांभाळून, लिफ्टची मोटर उचलतात तशी, आणि ते एका हातात वर आलं. मी मागे पडता पडता राहिले.

"यात काही नाहीये!"

"हळू बोल," राल्ले म्हणाला. "त्या टोकाची दोन खरी आहेत. बाकीची माझ्या मेव्हण्याने केलीत. प्लायवूड, वर काळा रंग आणि जाळी."

"सगळी?"

"सगळेच करतात. खरी एवढी लावली तर उचलणार कोण? आमच्या पाठी बघ जरा."

मी त्या भिंतीकडे बघत राहिले. माझं यंत्र खोटं, म्हणून ते लपवायचं. आणि लपवायचं कशाच्या मागे, तर प्लायवूडच्या. मी स्टँड मागे नेला, बिअरच्या क्रेटवर बसून तारा जोडल्या आणि जाळीच्या फटीतून किती दिसतं ते बघून ठेवलं. बरंच दिसत होतं.

संध्याकाळी दारं उघडायच्या आधी बिग्गी आत आली. ती कोपऱ्यावर सिगारेटी, बिअर आणि गोळ्या विकायचं दुकान चालवते आणि आल्टर मानच्या चाहत्यांची पुढारी आहे. साठीची बाई, अंगात बिनबाह्यांचं जीनचं जॅकेट, त्यावर बँडांच्या बिल्ल्यांना जागा पुरत नाही म्हणून अस्तरालाही शिवलेले. हातात बँडसाठी घरी केलेल्या खिम्याच्या वड्यांचा डबा होता. बिग्गीने वडे आणले नाहीत तर फोल्कर स्टेजवर चढत नाही.

तिने मला खोक्यांच्या मागून बाहेर येताना पाहिलं.

"तू कोण गं पोरी?"

मी तोंड उघडलं. पण फोल्कर माझ्या आधी बोलला.

"ती वायरी बघते," तो म्हणाला. "तारा वगैरे."

"छान, छान. घे, वडा घे. डुकराचा नाही हो, घाबरू नकोस, गाईचा आहे." मग ती त्याच्याकडे वळली आणि तिचा चेहराच बदलला. "फोल्कर, ते तिसरं गाणं. मधलं ते रडणं. दुकानात लावते मी दिवसभर. आई गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं. परवा गिऱ्हाइकाला सुटे देताना ते ऐकलं आणि आलं. तुझ्या हातांत काय आहे रे, एवढ्या वर्षांनी?"

मी फोल्करकडे बघितलं. आता सांग. एवढ्या एका बाईला सांग, मला बाकीचं जग नको. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मेहनत आहे बरीच त्यात."

बिग्गीने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. मी वडा डब्यात परत ठेवला.

कार्यक्रम सुरू झाला. हॉल गच्च भरला होता. पहिली दोन गाणी मी मागून वाजवली, खटके पडत होते, राल्ले पेटला होता, तो आवाज खरंच बरगड्यांत घुसत होता आणि मला तो माझ्याच पाठीमागच्या भिंतीवरून परतून ऐकू येत होता. लोकांच्या फक्त आरोळ्या ऐकू येत होत्या, त्याही फोल्करच्या नावाने.

मग तिसरं. मधला भाग आला. मी वाजवायला सुरुवात केली आणि फटीतून पाहिलं.

फोल्कर पुढे गेला होता, अगदी कडेला. एक पाय पेटीवर. गिटारीचा आवाज त्याने बंद केला होता, पण बोटं मानेच्या वरच्या टोकाला नाचत होती, तारा ताणत होती, आणि तोंड दुःखाने वाकडं झालं होतं. माझा सूर खाली घसरला की त्याची मानही घसरे. डोळे मिटलेले. पहिल्या रांगेत बिग्गी होती, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती त्या बोटांकडे बघत होती.

मी की-बोर्डवरून हात उचलले.

ड्रम चालू होता, बास चालू होता, आणि मधोमध मोठं भोक पडलं. फोल्करची बोटं आणखी थोडा वेळ नाचली. तोंड तसंच वाकडं. मग त्याने डोळे उघडले. वायरीकडे पाहिलं, पेडलला लाथ मारली, तारा खरोखर ओढल्या, आणि आवाज बंद असलेल्या गिटारीतून काय येणार? हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. आवाजाच्या टेबलावरचा माणूस हात वर करून माझी चूक नाही असं दाखवत होता.

"वायर!" कोणीतरी ओरडलं. "वायरी बघणारी कुठे आहे?"

"आले," मी म्हटलं, आणि समोरच्या खोक्यांना दोन्ही हातांनी ढकललं.

तीन खोक्यांची चळत पुढे झुकली आणि पडली. एवढ्या मोठ्या वस्तू पडताना धडाका व्हायला हवा होता. झालं काय, तर ढप. रिकाम्या पिंपासारखं. शेजारची चळतही गेली. एक खोकं घरंगळत स्टेजच्या कडेवरून खाली गेलं, लोक किंचाळले, आणि पहिल्या रांगेतल्या एका धिप्पाड माणसाने जीव मुठीत धरून हात वर केला. ते त्याच्या एका हातावर अलगद येऊन बसलं. त्याने ते उलटं केलं, आत डोकं घातलं.

"अरे, यात काहीच नाही!" तो म्हणाला. राल्लेने नेमका तेव्हाच ड्रम थांबवला होता, त्यामुळे ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

मी दिव्यात उभी होते, समोर माझं इस्त्रीचं टेबल. फोल्कर माझ्याजवळ आला आणि दातांतून बोलला.

"नुरजान, झालं तेवढं बस. मागे जा."

"मागे आता काही उरलेलं नाही, फोल्कर. बघ तूच."

"की-बोर्ड आहे!" खालून कोणीतरी ओरडलं, घरात चोर शिरल्यासारखं. मग सुरू झालं. "डिस्को! डिस्को!" बिअरचा एक प्लास्टिकचा पेला माझ्या पायाशी येऊन आपटला. दुसरा खांद्याला लागला. बिअर थंड होती. मी शर्टाने की-बोर्ड पुसला, कारण तो महाग आहे आणि माझा आहे, आणि तो भाग पहिल्यापासून वाजवायला घेतला.

एकटीनेच. ड्रम नाही, काही नाही. तो मधल्या फटीतला सूर मी जेवढा लांबवता येईल तेवढा लांबवला. आमच्याकडे बँड आवडला नाही तर लोक नुसती हुर्यो करून थांबत नाहीत, पाठ दाखवतात. मागच्या रांगा वळल्या. मग मधल्या. जॅकेटांच्या पाठीवरचे बिल्लेच बिल्ले दिसत होते. दाखवा पाठ, मी मनात म्हटलं, कान तर माझ्याकडेच आहेत. आणि मी आवाज वाढवला.

डावीकडून खाड-खाड-खट ऐकू आलं. राल्लेच्या आईच्या इमारतीतली ती बिघडलेली लिफ्ट. त्याने पायाने पेटी चालू केली होती आणि आता तो तिच्यावर ड्रम चढवत होता, डोकं खाली घालून, कोणाकडेही न बघता. मग मात्झेचा बास आला. शेवटी कोण बोललं ते मात्झेला बरोबर कळतं. फोल्कर गिटार गळ्यात लटकवून नुसता उभा होता.

बिग्गीने पाठ फिरवली नव्हती. हाताची घडी घालून ती माझ्या बोटांकडे बघत होती, बाजारात वजनाच्या काट्याकडे बघतात तशी. मी संपवलं. कोणी टाळी वाजवली नाही.

"ए पोरी," बिग्गी म्हणाली. तिला माइक लागत नाही. "रेकॉर्डवरचं ते रडणं. तेही तूच?"

"हो."

"सगळं?"

"सगळं. त्यात त्याचा एकही सूर नाही."

ती फोल्करकडे वळली. "आणि मी तुझे हात धरले होते."

फोल्करने माइक तोंडापाशी नेला. मला वाटलं आता वायरी, छपाईवाला, पुढची खेप, सगळं पुन्हा निघणार. त्याने गळ्यातल्या गिटारीवरून हात काढला. मग म्हणाला, "ती वाजवते. मी नुसता तोंड वाकडं करत होतो." आणि माइक खाली केला. म्हातारा दिसला तो एकदम. मला त्याची दया आली नाही. त्या वेळी तरी नाही.

काही पाठी पुन्हा वळल्या, चेहरे दिसू लागले. काही नाही वळल्या. दोघं-चौघं दाराकडे निघाले आणि त्यातला एक जाताजाता माझ्याकडे बघून थुंकला.

"हे बघ," बिग्गी मला म्हणाली, "मला की-बोर्ड आवडत नाही. कधी आवडला नाही, पुढेही आवडणार नाही."

"तुम्हाला तो रेकॉर्ड आल्यापासून आवडतोय," मी म्हटलं. "दुकानात दिवसभर."

हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. बिग्गी हसली नाही. तिने मनगटाने गाल पुसले, आधी एक, मग दुसरा, आणि जागची हलली नाही.

राल्लेने काड्यांवर चार ठोके दिले. चौथं गाणं. ते त्यांचं सगळ्यात जुनं, नुसत्या गिटारींचं. माझं त्यात काहीच काम नव्हतं. ठरल्याप्रमाणे तेवढा वेळ मी मागे बसून पाणी प्यायचं होतं. फोल्करने गिटारीचा आवाज चढवला, माझ्याकडे पाहिलं, मग बाजूच्या पडद्याकडे पाहिलं. मी हाताची घडी घातली आणि गाणं संपेपर्यंत स्टेजच्या मधोमध, दिव्यात, काहीही न वाजवता उभी राहिले.